वाचकांचे प्रश्न : घरातली मंदी आणि वयात येणारी मुले

गेल्या अंकात पालकांची नोकरी जाण्याचा विषय ओझरता आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. चार पत्रे निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत आणि दोन पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही चिंचवडला राहतो. माझे यजमान गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षे सुपरवायझर होते. मागणी घटली म्हणून आधी एक पाळी बंद झाली, मग कंत्राटी मुलांना काढले आणि शेवटी यांनाही उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. मुलगी दहावीत आहे. तिला आम्ही अजून काही सांगितलेले नाही. हे रोज सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडतात आणि वाचनालयात जाऊन बसतात. घरात चिडचिड फार वाढली आहे. मुलगी अलीकडे काहीच मागत नाही. शाळेच्या सहलीचा कागद तिने दप्तरातच ठेवला, मला दाखवलासुद्धा नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला पोट दुखते म्हणून गेली नाही. डॉक्टरांनी तपासले, पोटात काही नाही म्हणाले. तिला खरे सांगावे, की दहावीची परीक्षा होईपर्यंत थांबावे?

उत्तर : सहलीचा कागद मुलीने दप्तरातच ठेवला, या वाक्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर येऊन गेले आहे. घरातली परिस्थिती जिला ठाऊक नाही, ती मुलगी असा कागद हाती पडल्या पडल्या आईपुढे नाचवते. तुमच्या मुलीला कळलेले आहे आणि आपल्याला कळले आहे हे तुम्हाला कळू नये याची ती काळजी घेते आहे. तुम्ही तिच्यापासून लपवता, ती तुमच्यापासून लपवते आणि तिचे पोट दुखते. तेव्हा परीक्षेपर्यंत थांबू नका.

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक गिरणीचे गाव आहे. १९२९-३० च्या सुमारास तिथली गिरणी बंद पडली आणि ४७८ कुटुंबांच्या त्या गावातल्या बहुतेक घरांची मिळकत थांबली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या तरुण अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह तिथे केलेली पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला एक तपशील तुमचे पत्र वाचताना आठवला. शाळेतल्या मुलांना त्यांनी नाताळात काय भेट हवी ते लिहायला सांगितले होते. मारिएनथालच्या मुलांनी मागितलेल्या वस्तूंची किंमत आसपासच्या गावांतील मुलांच्या मागण्यांच्या जेमतेम एक-तृतीयांश भरली. त्यातही अनेकांनी ‘आईवडिलांजवळ पैसे असते, तर मला अमुक आवडले असते’ असे संकेतार्थात लिहिले होते. घरासाठी मुले जी पहिली काटकसर करतात ती मागण्याची, आणि ती त्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

आता चिडचिडीविषयी. हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मी असते तर पत्राच्या सुरुवातीलाच लिहिले असते. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेतजमिनीचे भाव कोसळले, कर्जाचे व्याज चढले आणि कितीतरी शेतकरी कुटुंबे देशोधडीला लागली. रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या ४५१ कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. प्रत्येक घरात सातवीत शिकणारे एक मूल होते. त्यांना आढळले ते असे, की पैशाची ओढाताण मुलाच्या मनापर्यंत बहुतांशी वळसा घेऊन पोहोचते. देणी थकतात, आईवडील खचतात, पैशांवरून एकमेकांशी भांडतात, मुलांशी वागताना त्यांचा तोल जातो किंवा मुलांकडे पाहायला त्यांच्यात त्राणच उरत नाही, आणि मुलाला इजा होते ती मुख्यतः या शेवटच्या टप्प्यावर. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी मंदी आली, तेव्हा बारा वर्षांच्या मुलांच्या घरांमध्ये अभ्यासकांना हीच साखळी दिसली. आणि फिनलंड हा तर सरकारी आधार भक्कम असलेला देश. गेलेली नोकरी परत आणणे तुमच्या हाती नाही, पण या साखळीतल्या मधल्या एक-दोन कड्या थोड्याफार तुमच्या हाती आहेत.

सांगायचे ते एखाद्या निवांत दुपारी, दोघांनी एकत्र बसून, आणि शक्य असेल तर तुमच्या यजमानांनीच सांगावे. नोकरी गेली आहे. कामात कसूर झाली म्हणून गेलेली नाही. दुसऱ्या कामाचा शोध चालू आहे. अमुक खर्च काही दिवस बंद राहतील. आणि तुझी शाळा, परीक्षा, अकरावीचा प्रवेश यांतले काहीही बंद होणार नाही. हा शेवटचा भाग स्पष्ट शब्दांत आणि दोनदा सांगितला तरी चालेल, कारण ज्या मुलांना काहीच सांगितले जात नाही ती मनातल्या मनात शेवटच्या टोकापर्यंत जाऊन येतात. मात्र कर्जाचे आकडे, नातेवाइकांनी ऐकवलेले बोल, यजमानांविषयीची तुमची तक्रार हे तिच्यापाशी बोलू नका. मुलीला खरे सांगावे, पण तिला आपली मैत्रीण करून सगळे ओझे तिच्यापुढे उतरवू नये. पंधरा वर्षांच्या मुली हे ओझे विलक्षण समजूतदारपणे उचलतात, म्हणून ते त्यांच्यावर टाकण्याचा मोह होतो. सहलीबद्दल तुम्ही होऊन विचारा. पाठवता येत असेल तर पाठवा, येत नसेल तर तुम्ही नाही म्हणा. तिचे तिनेच ते गिळून टाकावे, असे होऊ देऊ नका.

यजमानांच्या डब्याला हसू नका. याहोडाबाईंनी पुढे असे मांडले, की नोकरी पगाराखेरीज आणखी कितीतरी देत असते : दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसे, चारचौघांत स्थान, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव. मारिएनथालमधले बेकार पुरुष रस्त्यातून रेंगाळत चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. घरकामात गुंतलेल्या बायका मात्र भराभर चालत. तुमचे यजमान सकाळी ठरल्या वेळी बाहेर पडतात, यात स्वतःला सावरण्याचीच धडपड आहे. त्यातला फक्त खोटेपणा काढून टाका. वाचनालयात जाऊ देत, पण अर्ज करायला जातात हे मुलीला माहीत असू दे. आणि संध्याकाळचा एक तास तिच्या गणिताचा असू दे. आवाज चढलाच, तर नंतर ‘मी तुझ्यावर चिडलो नव्हतो’ एवढे बोलायला वडिलांना कमीपणा वाटू नये.

पोटदुखीला नाटक समजू नका, तिचे पोट खरोखर दुखते. घरात बोलणे झाल्यानंतरही दोन-तीन आठवडे झोप, जेवण, मैत्रिणी यांत फरक पडला नाही, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. ‘मी नसते तर तुमचा खर्च वाचला असता’ अशा अर्थाचे काही ती कधी बोलली, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि रागावूही नका. जगू नये असे वाटते का, हे तिला सरळ शब्दांत विचारा (विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही), तिला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.

प्रश्न : महोदया, मी सत्तरी ओलांडलेला गिरणी कामगार आहे. लालबागला साचेखात्यात होतो, आता मुलाकडे डोंबिवलीला असतो. १९८२ च्या संपात घरात पै येत नव्हती. थोरला मुलगा चौदाचा, धाकटा दहाचा. पोरांना गावी धाडले, थोरल्याने शाळा सोडून मुंबईत हमाली केली. आज दोघेही आपापल्या पायावर उभे आहेत. तेव्हा डिप्रेशन हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. आजची मुले जरा मोबाइलचे रिचार्ज चुकले तरी खचतात. ही पिढी कमकुवत आहे, हे तुम्ही स्पष्ट का लिहीत नाही?

उत्तर : काका, तुम्ही निभावून नेलेत याबद्दल आदर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना गिरणीचा भोंगा पुन्हा आपल्यासाठी वाजलेला ऐकायला मिळाला नाही. पण ज्यांनी निभावले तेच आज पत्रे लिहितात. गिरणगावातली जी पोरे त्या वर्षांत टोळ्यांच्या नादी लागून मारली गेली, जी दारूत बुडाली, ज्यांची नावे शाळेच्या पटावरून गळली आणि पुन्हा लागली नाहीत, त्यांच्याकडून मला पत्र येण्याचा संभव नाही. तुमच्याच चाळीतली अशी दोन-चार नावे तुम्हाला आठवतील.

तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतील १९३० च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा अभ्यास ग्लेन एल्डर यांनी केला. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील, १९२०-२१ मध्ये जन्मलेल्या १६७ मुलांची पुढच्या अनेक वर्षांची माहिती त्यांच्यासमोर होती. मंदीच्या झळा बसल्या तेव्हा ही मुले कळत्या वयाची होती. मुलांनी शाळा सांभाळून कामे धरली, मुलींनी घर सांभाळले आणि आपल्यावाचून घर चालत नाही या जाणिवेने त्यांतली बरीचशी पुढे खंबीर निघाली. तुमच्या थोरल्याची हकीकत याच जातीची आहे. पण शेजारच्या बर्कलेमधील मुलांचा जन्म १९२८-२९ चा. त्यांना तोच फटका अगदी बालवयात बसला आणि विशेषतः त्यांच्यातले मुलगे पौगंडावस्थेत आत्मविश्वासात आणि अभ्यासात मागे पडलेले आढळले. फटका तोच, पण वय निराळे. ओकलंडच्या मुलांतही सरसकट सगळी तरली नाहीत. मध्यमवर्गीय घरांतली मुले मिळकत बुडूनही सावरली. मुळातच कामगार असलेल्या घरांतल्या मुलांच्या मनाला मंदीने लावलेला चरा पुढेही उरला. शिवाय ओकलंडचे पुष्कळ मुलगे पुढे सैन्यात गेले आणि परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलील, असा कायदा तिथे १९४४ साली झाला. तेव्हा ‘त्या पिढीचा कणखरपणा’ म्हणतो त्यात सरकारी खजिन्याचाही वाटा होता. आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनीवर मॉल उभे राहिले.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. संपाच्या काळात तुमची अख्खी चाळ एका नावेत होती. शेजारच्या खोलीतही चूल जेमतेम पेटत होती, वाणी उधार देत होता, गावाकडे जमिनीचा तुकडा होता आणि घरात पैसा नाही यात तुमच्या मुलांना लाज वाटण्यासारखे काही नव्हते. आज कपात होते तेव्हा इमारतीतल्या एका घरातली कमाई बंद होते. बाकीची घरे तशीच चालू राहतात, त्यांची मुले क्लासला जातात, हॉटेलात जातात आणि त्याचे फोटो त्याच मुलाच्या हातातल्या फोनवर येऊन पडतात. रिचार्ज संपले की आपण वर्गाच्या बोलण्यातून बाहेर फेकले गेलो, असे त्याला वाटते. गरिबी सोसण्याइतकेच, आपण एकटेच गरीब झालो हे सोसणे चौदाव्या वर्षी जड जाते.

एक विनंती आहे. थोरल्या मुलाला एकदा निवांत विचारा, की हमालीच्या त्या वर्षांत रात्री त्याच्या मनात काय येत असे.

प्रश्न : मॅडम, मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. दिवाळी झाली की सातवी-आठवीच्या वर्गांतली जवळजवळ निम्मी मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. पाऊस दगा देतो त्या वर्षी मुकादमाकडून उचल लवकर घेतली जाते आणि आठवी-नववीच्या मुलींची लग्ने ठरतात. मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी आमचे एक प्रशिक्षण झाले, तेव्हा एक सहकारी म्हणाले की पोटाची भ्रांत असलेल्यांना मनाचे आजार कुठले, ही शहरातल्या लोकांची थेरे आहेत. मला त्यांना उत्तर देता आले नाही.

उत्तर : सर, तुमच्या सहकाऱ्यांच्या मनात जो क्रम आहे तो अभ्यासांतून उलटा निघतो. गरीब घरांतील मुलांना आणि किशोरांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी होण्याचे प्रमाण सुस्थितीतील मुलांच्या दोन ते तीन पट असते, असे २०१३ साली अनेक संशोधनांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसून आले. युरोप व उत्तर अमेरिकेतील प्रामुख्याने सधन अशा ३४ देशांतील सुमारे पाच लाख किशोरांची २००२ ते २०१० या काळातील माहिती फ्रँक एल्गार आणि सहकाऱ्यांनी तपासली. या आठ वर्षांत गरीब आणि श्रीमंत घरांतील मुलांच्या आरोग्यातील दरी रुंदावलेली होती आणि जिथे उत्पन्नातील विषमता अधिक, तिथे मुलांच्या मानसिक तक्रारीही अधिक होत्या. तुमचे सहकारी ज्यांना थेरे म्हणतात ती शहरात दिसतात, कारण तिथे दाखवायला डॉक्टर आहे. तुमच्या वर्गातली मुलगी दिवसभर खिडकीकडे पाहत बसते, तिला आपण ‘लक्ष नाही’ एवढेच म्हणून सोडून देतो.

पैसा आला तर मन सुधारते का, याचा एक पुरावा योगायोगाने मिळालेला आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामध्ये जेन कॉस्टेलो यांचे पथक १९९३ पासून १,४२० मुलांचे निरीक्षण करीत होते. त्यांत चेरोकी या आदिवासी समाजातील मुले मोठ्या संख्येने होती. मध्येच त्या समाजाच्या भूमीवर कॅसिनो उघडला आणि १९९६ पासून त्याच्या नफ्यातला वाटा प्रत्येक चेरोकी कुटुंबाला मिळू लागला. काम मिळवून किंवा गुण दाखवून तो मिळत नव्हता. सरसकट सगळ्यांना मिळत होता. काही वर्षांत जी घरे दारिद्र्यातून वर आली, त्यांतल्या मुलांचा उद्दामपणा, मारामाऱ्या, नियम मोडणे हे कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर येऊन ठेपले. आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली, हे त्याचे मुख्य कारण निघाले. उदासी आणि चिंता यांच्यावर मात्र पैशाचा तसा परिणाम त्या काळात दिसला नाही. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांना असे सांगता येईल, की पोट भरल्याने मनाचे बरेच काही सावरते, पण सगळे सावरत नाही. आणि मनाकडे लक्ष द्यायला पोट भरेपर्यंत थांबायचे म्हटले तर मुलगी तोवर सासरी पोहोचलेली असते.

दुष्काळ आणि लग्न यांचा संबंध तुम्हाला मी सांगावा असे नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. एकट्या पोराला अर्धाच कोयता. म्हणून पाऊस गेला की मुलाचे लग्न म्हणजे उत्पन्नाची सोय आणि मुलीचे लग्न म्हणजे खाणारे एक तोंड कमी, शिवाय फडावर वयात आलेल्या मुलीला कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, एकटी ठेवण्याची धास्ती टळली, असा हिशेब होतो. या हिशेबात आईवडिलांचा क्रूरपणा शोधू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले होते. तुमच्या जिल्ह्यातले प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त आहे.

तुम्ही करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. आईवडील फडावर जाण्याआधीच हंगामी वसतिगृहासाठी पालकांची सभा घ्या. आजी-आजोबांपाशी मूल गावातच राहिले, तर शाळा आणि मन दोन्ही टिकण्याची शक्यता वाढते. लग्न ठरल्याचे कानावर आले, तर गावपातळीवर ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला सांगणे अवघड वाटत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर नाव न सांगता कळवता येते. आठवीच्या मुलांना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या, सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना तिच्यातून नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. (ही परीक्षा सहसा डिसेंबरात, म्हणजे ऊसतोड ऐन भरात असताना येते. वेळापत्रक कोणाच्या डोळ्यांसमोर ठेवून आखले जाते, ते यावरून कळते.) गावाबाहेरच्या माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, हेही घरोघरी माहीत नसते.

आणि फडावरून परतलेल्या मुलाला भर वर्गात ‘कुठे होतास इतके दिवस?’ असे विचारू नका. तुम्हालाही ठाऊक असते तो कुठे होता. पाच महिन्यांत मागे पडलेला अभ्यास, हाताच्या भेगा आणि मागचा बाक या तिन्हींची लाज तो एकदम सोसत असतो. त्याला पुढच्या बाकावर बसवून पहिला आठवडा फक्त वाचून घ्या.

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांचा आहे. इचलकरंजीत राहतो, बारावी सायन्सला आहे. बाबांचे आठ माग होते, खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने, चालवायचे. दोन वर्षांत चार माग भंगारात गेले. वर्गातले माझे दोन मित्र नीटच्या क्लाससाठी लातूरला गेले, ग्रुपवर तिकडचे फोटो टाकतात. मी ग्रुप सोडला. मी शिकून काय होणार आहे? बारावी सोडून कुठेतरी कामाला लागावे असे वाटते. बाबा काहीच बोलत नाहीत. पुस्तक उघडले तरी डोक्यात काही शिरत नाही. रात्री झोप येत नाही. आधी मागांच्या खडखडाटात झोपायचो, आता सगळे शांत असते म्हणून जाग येते.

उत्तर : तुझ्या शेवटच्या ओळीत तुझ्या वडिलांच्या गप्प बसण्याचेही कारण आहे. ती शांतता त्यांनाही ऐकू येते.

डोक्यात काही शिरत नाही, याचा अर्थ तू ढ आहेस असा होत नाही. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी पीक हाती येण्यापूर्वी आणि पैसे मिळाल्यानंतर, अशी दोनदा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्याच माणसांना पैशांची ओढाताण असताना कमी गुण पडले आणि हातात पैसे आल्यावर जास्त पडले. चणचण माणसाच्या डोक्यातली जागा अडवून बसते. तुझ्या डोक्यात सध्या चार माग, मित्रांचे फोटो आणि बाबांचा चेहरा आहे. रसायनशास्त्राला जागा उरत नाही. म्हणून एका बैठकीत तासन्‌तास अभ्यास करण्याचा हट्ट सोड. सकाळी अर्धा-पाऊण तास, हातात लेखणी घेऊन, सोडवून पाहण्यासारखेच काही घे.

‘मी शिकून काय होणार आहे’ या प्रश्नाविषयी एक गोष्ट सांगते. पावोला जुलियानो आणि अँतोनियो स्पिलिंबेर्गो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील लोकांची मते तपासली, तेव्हा १८ ते २५ या वयात ज्यांनी मंदी पाहिली ते लोक पुढेही यश हे कष्टांपेक्षा नशिबाने मिळते असे अधिक प्रमाणात मानताना दिसले. त्यांचे सगळेच चुकते असे मी म्हणणार नाही. लातूरच्या क्लासची फी भरू शकणारा बाप असणे हे नशीबच आहे, आणि ते तुला स्पष्ट दिसते आहे यात तुझा दोष नाही. पण ‘मित्र पुढे गेले’ हे खरे असले, तरी त्यातून ‘मी सोडून द्यावे’ हे निघत नाही.

काम कर, जरूर कर. सुटीच्या दिवशी, संध्याकाळी. वरच्या एका उत्तरात ओकलंडच्या मुलांचा उल्लेख आहे, ती कामही करत होती आणि शाळेतही जात होती. शाळा सोडून धरलेले सतराव्या वर्षीचे काम आणि विसाव्या वर्षी एखादे कौशल्य शिकून धरलेले काम यांच्या मजुरीत जो फरक पडतो, तो तुमच्या गावात माग दुरुस्त करणारा कोणताही जॉबर तुला सांगेल. पुढे बाहेरून परीक्षा देण्यासाठी १७ नंबरचा अर्ज असतो, पण प्रात्यक्षिकांमुळे सायन्सला तो मार्ग सोयीचा नाही. म्हणून हे वर्ष कॉलेजातूनच पुरे कर. बारावीनंतर फक्त डॉक्टरकीच आहे असे नाही. वस्त्रोद्योगाची पदविका आणि आयटीआय हे मार्ग आहेत, आणि यंत्र तुला ऐकून ओळखता येते, ही त्यातली मोठी जमेची बाजू आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षणशुल्क सवलत आहे. तुझ्या कॉलेजच्या कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याविषयी आत्ताच विचारून ठेव, कारण तो ऐनवेळी मिळत नाही. ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत कर्मवीर भाऊराव पाटलांनी तुमच्याच पट्ट्यात रुजवली आणि ती तुमच्या शिवाजी विद्यापीठातही आहे.

ग्रुप सोडलास ते सध्या ठीक झाले. त्या दोघांपैकी जो जवळचा असेल त्याला मात्र एकदा फोन कर आणि माग विकल्याचे सांग. लातूरच्या खोलीत तोही कदाचित जागाच असेल.

वडिलांना ‘तुम्ही बोलत का नाही’ असे विचारू नकोस. उरलेल्या चार मागांचा हिशेब लिहायला मी बसू का, असे विचार. पुरुषमाणसे मनाविषयी बोलत नसली तरी वीजबिलाविषयी बोलतात, आणि तिथून बोलणे सुरू होते. झोपेची तक्रार दोन आठवड्यांहून जास्त चालली असेल, तर सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असते. तिथे पैसे लागत नाहीत. तिथवर जायला संकोच वाटला तर पहिल्या उत्तरातला १४४१६ हा क्रमांक तुझ्यासाठीही आहे. मन फारच अंधारून आले आणि जगणे नको वाटले, तर रात्री कितीही वाजले असले तरी तिथे फोन कर आणि बाबांना उठव.

बोर्डाचा परीक्षा अर्ज भरायची मुदत संपलेली नसेल तर तो आधी भर. भरलास, एवढे एका ओळीत मला कळव.